अकरावं प्रकरण

दहा प्रकरणं झाली. लढाई लिहून झाली,
जहाज लिहून झालं, जहाजावर दगावलेली तीन पोरं,
उतरल्यावर कढईत उकळून काढलेले कपडे, त्यांचा विटका वास.
अकराव्यात फक्त एक पत्र यायचंय
आणि मी आयवलीकच्या या खिडकीत
तीन महिने नुसत्या पेन्सिली तासत बसलेय.

पत्र खरं आहे. पत्र्याच्या डब्यात होतं,
छाटणीच्या कात्रीखाली,
घड्यांवर इतकं विरलेलं
की उघडताना श्वास धरावा लागतो.

रेम्झी देरविशाकी, माझे आजोबा, क्रीट बेटावरचे.
मानुसोस पलीकडच्या बांधावरचा.
दोघांत मिळून एक खेचर, एक शिडी
आणि धार लावायचा एक दगड.
मानुसोसला फौजेत भरती करून धाडलं
पार साकार्या नदीपर्यंत, तुर्कांशी लढायला.
मागे त्याच्या ऑलिव्हची छाटणी दोन हंगाम केली
गाव ज्याला तुर्क म्हणायचं त्याने,
ज्याला तुर्कीत धड पाणी मागता येत नव्हतं.

मानुसोस परतला तो एका कानाने बहिरा.
तिकडे काय पाहिलं, काय केलं, बोलला नाही.
आजोबांनी विचारलं नाही.
सातव्या प्रकरणात मी त्याला बोलतं केलंय, चाळीस पानं.
खोटी आहेत ती.
आठव्यात तो रेथिम्नोच्या धक्क्यावर धावत येतो.
आला नव्हता.

लांब कुठल्याशा तळ्याकाठच्या शहरात
कागद ठरला होता: धर्म बघा, माणसं बदला.
भाषा कुणी विचारलीच नाही.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
आजोबांच्या जिभेला होतं,
ते इकडच्या बंदरात उतरताना मोडलं.
चौकात ग्रीक शब्द निघाला तर दंड,
वर 'अर्धा काफर' अशी हाक.
आजीशी बोलायचे दार लावून, कुजबुजत.
शेळीशी मात्र मोठ्याने.

एकोणतीस साली पत्र आलं, ग्रीक अक्षरांत.
आजोबा झोपेतसुद्धा ग्रीक बडबडायचे,
पण गिरवली होती मशिदीतल्या शाळेतली अक्षरं,
उजवीकडून डावीकडे जाणारी,
आणि तीही सरकारने नुकतीच बाद केलेली.
वाचून घ्यायचं कुणाकडून?
ज्याला वाचता येईल त्यालाच टाळावं, असे दिवस.
एकतीस वर्षं डब्यात राहिलं.
छाटणी संपली की काढून बघायचे, आजी सांगायची,
कधी कधी उलटं धरून.

मी शिकले ती अक्षरं. पन्नाशीत, चष्मा लावून,
पोरांच्या पुस्तकातून.
मानुसोस लिहितो:

*खेचर मेलं.
तुझ्या घरात तिकडून हाकललेली माणसं आणून ठेवलीत.
बाई बरी आहे, पण चूल हलवली तिने.
दगड कुठे ठेवलास?
सगळीकडे शोधला.*

खाली नाव. बस.

प्रकाशक म्हणतो, पत्रात जरा जीव ओता,
वाचकाने इथे रडायला हवं.
दोन रात्री प्रयत्न केला. 'बंधो' असं लिहिलं, खोडलं.

दगड इथेच आहे, माझ्या कागदांवर वजन म्हणून,
मधोमध झिजून बोटभर खोल.
गडबडीत गाठोड्यात आला
की आजोबांनी हात घालून उचलला,
दहा प्रकरणं लिहूनही मला ठाऊक नाही.

आज पेन्सिलीचा चाकू त्यावर घासून पाहिला.
कोरडा दगड नुसता करकरतो.
आधी पाणी लागतं त्याला.
आजोबा थुंकायचे.