पिवळ्या सळया

याकुत्स्कमध्ये गरम पाण्याचे नळ कोणी जमिनीत पुरत नाही.
खालची गोठलेली माती
ऊब लागली की खचते.
म्हणून नळ खांबांवरून जातात,
रस्ता आला की कमान करून चढतात, पलीकडे उतरतात,
आणि मुलं त्या कमानीखालून शाळेला जातात.

सर्गिलाना प्रोकोप्येव्नाने पहिल्याच दिवशी मला भाता दाखवला.
पातळ पोलाद, दहा वळ्या,
बाजाच्या पेटीचा असतो तसाच,
फक्त मुका.
"शंभर मीटर नळ. बाहेर उणे चाळीस, आत पाणी ऐंशीवर.
एर्चिम, किती वाढेल?"
मी हिशेब केला. चौदा सेंटीमीटर.
"वीतभरही नाही," ती म्हणाली,
"पण जागा दिली नाही तर भिंत मागते."

नळ दोन्ही टोकांना काँक्रीटमध्ये जखडलेला,
मधे गाईड, त्याला वाकडं जाऊ न देणारे.
सगळी वाढ येते ती भात्यात. वळ्या मिटतात.
पाणी निवलं की उघडतात.
मला वाटायचं, भाता नळाला सांभाळतो.
खरं तर पाण्याच्या दाबाने तोच फाकायला बघतो,
आणि ठोकळे दात-ओठ खाऊन
त्याला धरून ठेवतात.

कारखान्यातून भाता येतो तेव्हा
त्याला तीन पिवळ्या सळया जोडलेल्या असतात,
ट्रकमध्ये हलू नये, ताणू नये म्हणून.
बसवून झाला की त्या कापायच्या.
मी नाही कापल्या.
सुबक दिसत होत्या. वरून एक हात रंगही दिला.

सप्टेंबरात पाणी सोडलं.
तासभर काही नाही.
मग नळ खांबावरून बाजूला सरकला,
आणि बालवाडीमागचा ठोकळा
सुकलेल्या पावासारखा तडकला.
चाळीस इमारती रात्रभर गार.
लोकांनी चुली नसलेल्या घरांत किटल्या चढवल्या.

ती मला एक शब्द बोलली नाही.
नळ निवेपर्यंत थांबलो, मग सळया कापल्या,
तिसरी माझ्याच हातून.

परवा तिच्या टपरीत फोन वाजला,
नोवोसिबिर्स्कहून, मुलगी, कुन्नेय.
"जेवलीस? टोपी घालतेस ना? त्या मुलाचं काय..."
इथे ती थांबली.
ड्रॉवर उघडला, बंद केला.
"बरं," म्हणाली, "तू सांगशील तेव्हा."

ड्रॉवरमध्ये काय आहे ते मला माहीत आहे.
पिवळा रंग एका टोकाला जळलाय.

आज उणे सेहेचाळीस.
मी भात्यावर वाकून वळ्या मोजतोय,
केसाएवढी भेग दिसते का बघतोय.