उघडल्याची तारीख

चवथीची सुट्टी संपवून कुडचड्याला परतलो
तर प्रयोगशाळेच्या कुलपाला हिरवट बुरा,
किल्ली अर्धीच फिरते.
आत कपाटात वर्षाचा साठा
मला न विचारता रंग बदलून बसलेला.

फेनॉल गुलाबी.
पोटॅशियम आयोडाइड
जुन्या जन्मपत्रिकेसारखं पिवळं.
आणि फेरस सल्फेट, जे मी जूनमध्ये
कच्च्या भिरंडीच्या रंगाचं मोजून घेतलं होतं,
कडांनी तांबूस, भुगभुशीत,
खाणीच्या ट्रकांनी रस्त्यावर सांडावं तसं.

मी रजिस्टरात लाल शाईने लिहू लागलो: खराब.

सोयरू वेळीप, अटेंडंट, निवृत्तीला चार महिने,
माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाला,
'मास्तर, पाड जालें म्हणूं नाका.
लोखंड तें. घरा वता.'
खिडकीबाहेर तांबडी माती, तांबडे चिरे,
तांबडं झालेलं बदामाचं झाड.

मग स्टुलावर बसवून त्याने मला
एकतीस वर्षं एका दमात सांगितली.
झाकण काढलं की बाटली हवेचा घोट घेते.
म्हणून मोठी बाटली मागवू नये;
अर्धी झाली की तिच्यात आपण
हवाच जपून ठेवतो.
चमच्यात उरलेलं परत ओतू नये,
कितीही जीव तुटला तरी.
आयोडाइड तपकिरी काचेत, अंधारात.
सिल्व्हर नायट्रेट तपकिरी काचेत,
वर काळा कागद, तरी भरवसा नाही
(बोटांवरचे डाग दाखवले.
साबणाने जात नाहीत, कातडी झडावी लागते).
फेरसचं द्रावण करायचं
तर थोडं आम्ल, आणि तळाला एक स्वच्छ खिळा.

खिळा कशाला?

'हवेन व्हेलें तें तो परत दिता.
आपूण झरून.'
त्याचा थोरला भाऊ खाणीवर होता, एवढं मला माहीत होतं.
मी पुढे विचारलं नाही.

आणि तारीख, तो दारातून म्हणाला.
बाटली आली ती नव्हे. उघडली ती.

जानेवारीत तो गेला.
कपाटात सगळी झाकणं मेणबंद,
चिकटपट्ट्यांवर त्याचं मुंगीएवढं अक्षर.
फक्त खिडकीत एक परीक्षानळी, बूच नसलेली,
तळाला फेरसचे चार खडे,
आणि तारीख, त्याच्या शेवटच्या दिवसाची.

ती मी रजिस्टरात चढवलेली नाही.
आज पाहिलं:
वरचे दोन खडे गेले.
खालचे अजून हिरवे आहेत.