डाव्या बाजूले कोण बसते

होळीपासून रोज सकाळी बॉनेट उघडून
मी प्लास्टिकच्या बाटलीवरची रेघ पाहत होतो.
रोज बोटभर खाली.

एस्टीम, अठ्ठ्याण्णवची. बाकी तक्रार नाही.
रात्री तिच्याखाली पेपर अंथरला,
सकाळी पेपर कोरडा,
मथळ्यावर फक्त मांजराचे पाय.
धूर पांढरा नाही. ऑइलवर साय नाही.
मग पाणी जातं कुठं?
मे महिन्यात सगळं मानेवाडा पाणी भरत असतं.
कुमुद कूलरच्या टाकीत पाइप सोडायची,
मी रेडिएटरमध्ये तांब्या.
सकाळपर्यंत दोन्ही रिते.
कूलरचं निदान कळायचं, कुठं गेलं ते.

सिग्नलला काटा लालकडे सरकला
की मी हीटर लावायचो. पंचेचाळीस अंशात. फुल्ल.
इंजिनाचा ताप थोडा आपण वाटून घ्यायचा,
जुनी युक्ती आहे.
कुमुद काच खाली करून बाहेरची लू आत घ्यायची,
म्हणायची, ही बरी.
मी म्हणायचो, दोनच मिनिटं.

तांडापेठेत ईश्वर निनावेचं गॅरेज,
कडुनिंबाखाली, एका बंद मागाच्या शेडला लागून.
गाडी थंड होऊ दिली त्यानं, तासभर.
मग रेडिएटरची टोपी काढून तिथं हातपंप बसवला,
पंपावर घड्याळ. पंधरावर काटा आणून सोडला.
"बसा जी. चहा घ्या. आता काटाच सांगन."

चौदा.
चहा आला. साडेतेरा.
टॉर्च घेऊन तो वॉटर पंपाखाली गेला,
प्रत्येक होजवर, प्रत्येक क्लिपवर बोट फिरवून
बोट बनियनला पुसत राहिला.
बोट कोरडंच.
बारा.

"बाहेर नाही पडून रायलं," निनावे म्हणाला,
"म्हंजे आत पडून रायलं."
आणि उठता उठता,
"डाव्या बाजूले कोण बसते?"

बायको.

"काही म्हनते का त्या?"

म्हणते. गूळ करपल्यासारखा वास येतो म्हणते.
मी म्हटलं, बाहेरचा असेल.
चप्पल खाली चिकटते म्हणते.
मी म्हटलं, पोरांनी ज्यूस सांडला असेल.
पोरं पुण्याला असतात.
काचेवर आतून धुकं धरतं म्हणते,
ओढणीनं पुसते, पुसून आणखी तेलकट होतं.
नागपुरात, मे महिन्यात, धुकं!
मी हसलो होतो. शेजाऱ्यांनाही सांगितलं होतं.

निनावेला एवढंच म्हणालो,
वासाचं काहीतरी म्हणत होती.

त्यानं डाव्या सीटपुढचं मॅटिंग उचललं,
खालचा फोम मुठीत धरून पिळला.
हिरवं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेलं.

"हीटरचं कोअर सडलं. तुमी हीटर लावता?
कोन लावते जी हीटर, इथं?"
मी चहाचा रिकामा ग्लास प्यायलो.

हीटरकडे जाणारे दोन होज त्यानं कापले,
पितळेच्या नळीनं एकमेकांना जोडले.
पुन्हा पंप. पुन्हा पंधरा.
काटा पंधरावरच बसून राहिला, शहाण्यासारखा.
साडेतीनशे रुपये.
"पुढच्या खेपेले," पैसे मोजत तो म्हणाला,
"मॅडमलेच आना."

संध्याकाळी ती अंगणात टाकी भरत होती.
सापडला, म्हटलं, लीक.
कुठं होता?
तुझ्या पायाशी.
पाइप तसाच धरून तिनं विचारलं, तो वास?
तोच.

बरं, म्हणाली. आणि मग,
ह्या कूलरच्या मोटरीत आठवड्यापासून टकटक येते.

मी वाकलो, जाळीला कान लावला.
मला काही ऐकू येत नव्हतं.
तसाच वाकून राहिलो.