चुक्की

पतसंस्थेनं टाकून दिलेला संगणक
आमच्या वाचनालयात आला तेव्हा
त्याच्या पाठीवर चिठ्ठी होती : कर्जवसुली, टेबल ३.
ती मी खरवडली नाही.
गुरुलिंग अण्णा, आमचे अध्यक्ष, म्हणाले,
"फुकट ते पौष्टिक."
वीजबिलाचं मात्र बोलले नाहीत.

मग एका शनिवारी तांबोळी सर
वरच्या खिशात, सुपारीच्या पुडीशेजारी,
पेनड्राइव्ह घालून आले.
त्यात एक शब्दकोश, एक पृथ्वीचा गोल
आणि एक अख्खं आकाश.
"कितीला?" मी सवयीनं विचारलं.
"मोफत. आणि नुसतं मोफत नाही, मोकळं आहे बाई.
उघडा, बदला, पुढच्याला द्या."
पुढच्याला द्या, हे मला कळतं.
बदला?
समासात कुणी पेन्सिल टेकवली तरी
तीस वर्षं ओरडत आलेली मी.

दुपारी सातवीचा वर्ग चटयांवर दाटला.
खिडकीवर सत्काराचा जुना बॅनर उलटा टांगला,
अंधार केला,
आणि भिंतीवर रात्र उगवली.
शिवलीला मोठ्यानं वाचत गेली :
रोहिणी, मृग, व्याध.
कुणीतरी, कुठंतरी बसून,
पगार न घेता ही नावं मराठीत भरून ठेवलेली.

मागून मायाप्पा उठला.
वर्षातले चार महिने तो हजेरीपटावर असतो,
बाकीचे मेंढरांमागं.
भिंतीच्या खालच्या अंगाला त्यानं बोट लावलं.
"चुक्की."
"काय चुकलं?"
"चुक्की, मॅडम."
पोरं हसली. उमदीकडची दोघं जरा जास्तच.
शिवलीला म्हणाली, "कन्नडात चांदणीला म्हणत्यात."
"पण तिथं चांदणी कुठाय?"
"तेच की. हितं पायजे. माळाच्या टोकाला, मोठी.
आमचा आप्पा तिच्यावर टाइम बघतो."

सर पडद्याशी वाकले.
कोपऱ्यात बारीक अक्षरांत
गावाचं नाव होतं : पॅरिस.

तासभर आम्ही
दुसऱ्याच कुणाच्या आभाळाखाली
मांडी घालून बसलो होतो.

सरांनी जतचे आकडे भरले. सतरा अंश उत्तर.
रात्र कलंडली,
ध्रुव खाली सरकला, बैलानं मान टाकावी तसा,
आणि दक्षिणेला, बोटापासून वीतभर अंतरावर,
अगस्ती वर आला.

मोकळं म्हणजे काय, ते मग कळलं.
नावांच्या यादीत अगस्तीशेजारी रिकामी जागा होती.
मायाप्पा एका बोटानं अक्षरं शोधत बसला,
'क्क' सापडेना, सगळा वर्ग त्याच्या खांद्यावर.
आता तिथं लिहिलंय : आप्पाची चुक्की.

दाखल नोंदवहीत मी नोंद केली.
शीर्षक : आकाश. कर्ता : पुष्कळ जण.
किंमत : शून्य.
तपासणीचे साहेब अडले,
"किंमत नाही, मग हरवलं तर भरपाई काय घेणार?"
शेरा मारून गेले.

त्या दिवशी मायाप्पानं पहिल्यांदा पुस्तक नेलं.
ताऱ्यांचं नाही.
मेंढ्यांचे आजार व उपचार, पानं अठ्ठेचाळीस.

मुदत संपून महिना होत आला.
कळप कऱ्हाडच्या अलीकडं आहे म्हणतात,
ऊस तुटलेल्या रानात.
दंडाचा हिशोब मी मांडते, खोडते.
कुलूप लावायच्या आधी, कुणी नसताना,
आकाशाचं गाव बदलते : कऱ्हाड.
चुक्की किंचित खाली उतरते,
इतकी किंचित, की माहीत असल्याशिवाय दिसू नये.
मग वीज जाते,
आणि मी चपला शोधत बाहेर येते, बघायला.