भेट, विक्रीसाठी नाही

मिरकरवाड्याच्या धक्क्यावर
याकूब होडेकरांच्या होडीवर एक ताडपत्री आहे,
शेवाळी, कडांना पितळी डोळे.
मधोमध परक्या लिपीतला ठसा, अर्धा मिठाने खाल्लेला.
चाचा वाचून दाखवतात: भेट. विक्रीसाठी नाही.
देणाऱ्या देशाचं नाव होतं तिथे
आता इंजिनतेलाचा डाग.

चाचा त्या बोटीवर सारंग होते, चौदा महिने.
"वरच्या खणात मैदा, दूधपावडर,
तळखणात तोफगोळे.
कागद दोघांचा एकच गो, शब्दही एकच. मदत.
उतरवताना आधी गोळे न्यायचे.
मैदा धक्क्यावर भिजायचा.

तिकडचा मुकादम, डावा हात खांद्यापासून नाही,
गुडघ्यावर वही ठेवून पेटी न् पेटी लिहायचा.
म्हटलं, फुकटचं तर आहे, मोजतोस कशाला?
म्हणाला, फुकटचं आहे म्हणूनच मोजतो.
हे फेडताना मी नसेन,
माझ्या पोरीला आकडा ठाऊक असावा."

मी बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
लाद्या, नावं, उधारी.
मागल्या साली मजगावकरांची होडी खडकावर फुटली
तेव्हा सगळ्या वाडीने सावड केली,
कुणी फळ्या दिल्या, कुणी जुनं जाळं,
कुणी नुसती एक दुपार.
वहीत कुणी काही लिहिलं नाही.
तरी रहमतबी आमच्या दारावरून जाताना
अजून पदर सारखा करते, पावलं उचलते.
हे कुठल्या रकान्यात मांडायचं?

"आणि ही ताडपत्री?"
चाचा दोरीची गाठ सोडवत राहिले.
"शेवटच्या खेपेची.
देणाऱ्यांकडे निवडणूक झाली, माणसं बदलली.
आम्ही अर्ध्या दर्यात, रेडिओवर हुकूम आला: फिरा मागे.
कप्तानाने सुकाणू वळवलं.
अख्खी बोट भरलेली, आणि आम्ही घराकडे.
तो मुकादम धक्क्यावर उभा असेल,
पेन्सिल टोक करून.
दिलेली म्हणावी तर पोचली नाही,
न दिलेली म्हणावी तर ठसा आहे.
मग मी आणली."

भरती चढत होती.
कुणीतरी बांगड्याचा भाव ओरडून सांगत होतं.
अकरा लाद्या घेतल्या चाचांनी, रोख.
सुट्टे नव्हते माझ्याकडे.
म्हटलं, राहू दे, वहीत लिहिते.
नको म्हणाले,
आणि सुट्टे येईपर्यंत
उन्हात उभे राहिले,
बर्फ पायाशी वितळत.