बारावी

मी बारावी.
इयत्ता नव्हे, क्रमांक.
खो-खोच्या संघातली शेवटची जर्सी,
मागच्या वर्षीच्या बारावीकडून आलेली,
खांद्यात अजून तिच्याच मापाची.

माझं काम ठरलेलं:
सगळ्यांची कानातली, क्लिपा, ताईत
कंपासपेटीत सांभाळायचे.
हर्षालीचा डावा डूल वाकडा,
आफ्रीनची पिन निळी.
चुकत नाही मी.

साहित्याच्या खोलीत, फक्कीच्या पोत्याच्या वर,
दाभाडे बाईंनी पुठ्ठा टांगलाय:
सहा म्हणजे सहाला दहा कमी.
पाणी आधी सातवीतल्या पितील.
खो पाठीत द्यायचा, पाठीमागे बोलायचं नाही.
आपली पिशवी आपल्या खांद्यावर.
त्याची झेरॉक्स घरून सही करून आणायची होती.
पप्पांनी रिक्षाच्या टपावर ठेवून केली.
टप कापडी,
म्हणून आमचं आडनाव खड्ड्यातून गेल्यासारखं दिसतं.

उपांत्य फेरी खडकीला.
स्वारगेटला बसमधून उतरलो तेव्हा
हर्षालीची पिशवी सातवीतल्या ईश्वरीच्या पाठीवर होती.
दोन पिशव्यांखाली ईश्वरीचे नुसते पाय दिसत होते.
बाई काही बोलल्या नाहीत.
खडकीत नावं देताना
हर्षालीच्या जागी माझं सांगितलं.

हर्षाली, जी दोन मिनिटं चाळीस सेकंद
कुणाच्या हाताला लागत नाही.
आफ्रीन कॅप्टन, ती म्हणाली, "बाई, उद्या शिक्षा करा ना."
बाई म्हणाल्या, "पुठ्ठ्यावर उद्या लिहिलंय का?"

मी पेटी हर्षालीकडे दिली
आणि चौकात जाऊन बसले.
माझं तोंड रेल्वेच्या रुळांकडे, शेजारचीचं झाडांकडे.
खो-खोत असंच बसतात,
एकीआड एक, उलट्या दिशांना,
आणि तरी सगळ्या एकाच बाजूच्या.
पाठीत थाप पडेपर्यंत उठायचं नाही.
पडली. उठले. धावले.
एक गडी टिपला सुद्धा, सूर मारून,
कोपर सोलवटलं, ते घरी गेल्यावर कळलं.

मग आमची पळती.
मी अकरा सेकंदांत बाद.
अकरा.
घड्याळ लावणाऱ्या माणसाने
दोनदा बघितलं, बंद पडलं का म्हणून.

दोन गुणांनी हरलो.

मला वाटलं, आता हर्षाली बोलेल.
तिने पेटी उघडली, एकेकीला बोलावलं.
आफ्रीनला पिन दिली, निळी.
मुग्धाला ताईत.
मला माझा रबर, ज्याला मी विसरले होते.
एकही चुकली नाही.
स्वतःचा डूल मात्र
बसमध्ये बसेपर्यंत हातातच धरून होती.

परतताना ईश्वरी झोपली.
तिची पिशवी कुणाच्या मांडीवर होती
ते मी सांगणार नाही,
सांगितलं की गोष्ट फार गोड होते.
आणि खरं सांगू,
मला अजून वाटतं, बाईंनी एक दिवस थांबायला हवं होतं.
हे मी त्यांना तोंडावर म्हटलंय,
पाठीमागे नाही.
त्या म्हणाल्या, "बरं."
आणि फक्कीचा डबा माझ्या हातात दिला.

आज सहाला दहा कमी असताना
मी मैदानावर रेघ मारतेय.
थोडी वाकडी आलीय.
हर्षाली दोरीचं दुसरं टोक धरून उभी,
म्हणते, पूस,
परत मार.