ना-हरकत

आरटीओच्या फाटकाबाहेर, रसवंतीला लागून
माझं टेबल. त्याचा एक पाय विटेवर.
फॉर्म भरायचे वीस रुपये.
डिंक लावून फोटो चिकटवायचे काही घेत नाही.

तो आला तेव्हा ऊन छत्रीच्या दांडीपर्यंत पोचलं होतं.
पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक,
आणि तळाशी ते पुस्तक, घामानं फुगलेलं:
अवजड मालवाहू. राजनांदगाव. सत्त्याण्णव साल.

नाव?
परदेशीराम निषाद.
मी वर पाहिलं.
"खरंच हाय मॅडम. माझ्या आधीचे दोघं गेले,
म्हणून मायनं असं ठेवलं.
यमाला वाटलं पाह्यजे, हा इथला नाहीच."

अठ्ठावीस वर्षं कोळसा, तांदूळ, एकदा सर्कशीचे तंबू.
आता क्लच दाबला की गुडघा वाजतो,
म्हणून शाळेची बस. मानेवाडा ते बेसा, दोन फेऱ्या.
मालक म्हणतो, लायसन महाराष्ट्राचं आण.

"पण यावर लिहून हाय ना, आख्ख्या भारतात चालते?"
चालतं, म्हटलं. गाडी चालवायला चालतं.
कागद बदलायला नाही.

खिडकी क्रमांक चारनं नंबर टाकला. रेकॉर्ड नाही.
बॅकलॉग एंट्री मूळ कार्यालयातून करून आणा,
सोबत ना-हरकत.
बॅकलॉग म्हणजे काय, त्यानं विचारलं.
अनुशेष, मी म्हटलं,
आणि शेजारचा झेरॉक्सवाला हसला.
विदर्भात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

तो राजनांदगावला गेला. परत आला.
"ते म्हणतात, पुस्तक मध्यप्रदेशचं हाय.
जुनं रजिस्टर तिकडं गेलं असन.
मी तं तिथंच होतो मॅडम.
राज्यच सरकून गेलं."

हे मला ठाऊक होतं. माझे आजोबा
इथल्याच सचिवालयात शिपाई होते,
नागपूर राजधानी होतं तेव्हा.
छप्पन साली फायली वॅगनीत भरून भोपाळला गेल्या,
आजोबा गेले नाहीत.
मरेपर्यंत म्हणत, जावक क्रमांक टाकलाय मी,
आवक कुणी टाकली की नाही, देव जाणे.

दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्यांदा, दिवाळीच्या आधी.
हरकत तशी कुणाचीच नव्हती.
फक्त तसं लिहून द्यायला
खुर्चीत कुणी नव्हतं.

शेवटी एका पोरगेल्या बाबूनं
पायऱ्यांखालच्या कपाटातून रजिस्टर काढलं,
वाळवी झटकली, आणि सापडलं
पान, नाव, अंगठ्याशेजारी सही.
तो ते सांगताना दोनदा थांबला.
"माझी सही पाहा ना, किती सरळ होती."

मग इथलं सगळं. डोळे तपासले, रंग ओळखले.
राहता पत्ता? पारडी, भाड्याची खोली.
कधीपासून?
तो बोटं मोजत राहिला.
खोली दोन वर्षांपासून होती,
तिच्यात झोपलेल्या रात्री तो मोजत होता.

कार्ड पोस्टानं निघालं आणि परत गेलं.
शेरा: घर बंद.
तो तेव्हा वडसा रोडवर होता, कुणाच्या तरी बदलीवर.
शेवटी स्वतः येऊन सही करून घेतलं.
गुळगुळीत, एटीएमच्या कार्डाएवढं.
अंगठ्यानं घासून पाहिलं, अक्षर निघतं का.

जुनं पुस्तक जमा करायचं होतं.
माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, ब्लेड हाय का?
फोटो सोडवला, हळूच,
ट्यूबच्या पंक्चरवरचं ठिगळ काढावं तसा.
तेविसाव्या वर्षाची मिशी, कॉलर उभी,
आणि कोपऱ्यावर गोल शिक्क्याची शेपटी राहिलेली:
"देश".
त्यातला श पण पुसट.

तो त्यानं खिशात ठेवला.
बाबूनं विचारलं तर?
म्हटलं, सांगा, डिंक जुना होता.

मागं तुमसरचा एक उभा होता, नूतनीकरणवाला,
पेन मागत.